पेन्शनची ओवाळणी

२ ऑक्टोबर, बेसिंगस्टोक
मीनाक्षी अजून हाउन्सलोलाच, आश्लेषाकडे. बायको बहिणीकडे राहते त्याला माहेरपण म्हणतात. जरा लांबलंय, मार्चपासून. भांडण नव्हतंच, मी तर तिच्याशी दोनतीन वर्षं धड बोललोही नव्हतो. लेक अन्वी युनिव्हर्सिटीतून फोनवर 'सेपरेशन' म्हणाली. इथे इंग्लंडात जन्मलेली मुलं, काहीही शब्द वापरतात.

६ ऑक्टोबर
मीनाक्षीच्या सॉलिसिटरची नोटीस. घर दोघांच्या नावावर असं आहे की एक गेला की सगळं आपोआप दुसऱ्याचं. ते तिला मोडायचंय. अर्धा-अर्धा हिस्सा वेगळा, तिचा अन्वीला. सही करणारच नाही. बसा म्हणावं वाट बघत.

९ ऑक्टोबर
ऑफिसात पेन्शन बघणाऱ्या बाईंना विचारलं. नॉमिनी मीनाक्षीच. नवरा-बायको वेगळे राहिले म्हणून नाव आपोआप निघत नाही. बदलायचंय का, म्हणाल्या. छे! आमच्या संसारावर विश्वास असलेलं हे एकच डिपार्टमेंट.
डाएट उद्यापासून.

१४ ऑक्टोबर
मीनाक्षी हिवाळी कपडे न्यायला येतेय. नेमकी पाडव्याला! यातच सगळं आलं. ओवाळेल तेव्हा तबकात पेन्शनचा कागद ठेवणार. दागिने काय, कोणीही देतं.
डाएट दिवाळीनंतर.

१७ ऑक्टोबर
मित्र सतीश म्हणाला, त्या नोटिशीवर तुझी सही लागतच नाही. पोचली की झालं. म्हणजे घर कधीच वेगळं झालं, मी सही अडवून बसलेलो असताना. पण सतीशला प्रॉपर्टीतलं काय कळतं? सॉलिसिटर आहे, तेच काम करतो, पण तरी.

२२ ऑक्टोबर, पाडवा, सकाळ
रांगोळी काढली. ठिपके चुकले. निरांजन, तबक तयार. श्रीखंड आणलं. नवा कुर्ता पोटावर बसत नाही, श्वास धरून उभा राहीन.

दुपार
आली. किल्ली असून बेल वाजवली. बूट न काढता वर गेली, बॅगा भरल्या. तबकाकडे बघितलंही नाही, म्हणून मीच कागद पुढे केला. तिने सगळा वाचला. म्हणाली, माझं नाव काढ, अन्वीचं घाल. मी म्हणालो, अगं, पैसे तुझेच आहेत. ती म्हणाली, तू गेल्यावर तुझी विधवा म्हणून मला कुठेही सही करायची नाही. आवाज चढवला नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं. फार लागलं.
श्रीखंड एकट्याने संपवलं.

२७ ऑक्टोबर
ऑफिसच्या कॉम्प्युटरवर अन्वीचं नाव घातलं. पुढे आणखी एक रकाना आला: निधन झाल्यास प्रथम कोणाला कळवायचं? अन्वीचा नंबर घालवेना. लेक्चरमध्ये असेल, पोरीला असला फोन कसा जाऊ द्यायचा? मीनाक्षीचा घालायची सोय राहिली नाही. रिकामा ठेवला तर पान पुढे सरकेना. शेवटी माझाच मोबाइल नंबर टाकला.
चालला.