खांबापासून वीस मीटरवरील झाडी काढण्याबाबत

प्रति,
मा. सहायक अधिकारी,
भूखंड स्वच्छता कक्ष,
नगर कार्यालय.

विषय : शेजारच्या भूखंडावरील झाडी व राडारोडा तसाच ठेवून आमचेच अंगण दोन वेळा साफ केल्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. २) आपल्या कार्यालयाकडून मला आलेल्या दोन नोटिसा.

महोदय,

मी खाली सही करणारा, वय अठ्ठावन्न, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, आपणास चौथ्यांदा तसदी देत आहे. पहिल्या तिन्ही अर्जांवर आपल्या दफ्तरी ‘निकाली’ असा शेरा आहे. आमच्या घरी काय निकाल लागला, तेवढे कळवतो.

१. आमच्या उजव्या हाताच्या भूखंडाचे मालक आठ वर्षे इकडे फिरकलेले नाहीत. तिथे पुरुषभर झाडी माजली असून आत कुणाच्या तरी पाडलेल्या मोरीच्या विटा, फुटक्या फरश्या आणि दोन गाद्या पडल्या आहेत. यंदा आमच्या न्हाणीघरात दोनदा साप निघाला, म्हणून मी पहिला अर्ज केला. माझी थोरली बहीण माझ्याजवळच राहते. ती म्हणाली होती, उगाच अर्जबिर्ज करू नकोस, आपण जाळी लावून घेऊ. मी तिचे ऐकले नाही. ही चूक माझी, ती कबूल आहे.

२. आपले पथक आले तेव्हा मी दुकानात होतो. मुकादमांच्या कागदावर जागा लिहिली होती, ‘विजेच्या खांबापासून वीस मीटर’. हा खांब मागच्या वर्षी रस्ता रुंद करताना उचलून पुढे रोवला. जुन्या जागेपासून वीस मीटरवर जंगल येते, नव्या जागेपासून आमचे अंगण. पथकाने टेप लावून अंगण साफ केले आणि आमचे कंबरभर उंचीचे झुडपांचे कुंपण मुळापासून काढले. मुकादम माणूस सज्जन आहेत. झाडी पलीकडे आहे हे मलाही दिसतंय काका, पण कागदावर खांब आहे, असे ते नंतर म्हणाले. आमच्या धंद्यात माप चुकले तर कापडाला दोष देत नाहीत, एवढेच मी त्यांना म्हणालो.

३. महोदय, ताईला दिसत नाही. पंधरा वर्षांपूर्वी दृष्टी गेली, पण तिने हाय खाल्ली नाही. खुर्च्यांना वेत विणायला शिकली आणि कारखान्यात लागली. स्वयंपाकघराच्या दारापासून फाटकापर्यंत ती त्या कुंपणावर हात ठेवून एकटी जायची. नऊ वाजता फाटकाशी कारखान्याची गाडी येते. मी हात धरायला गेलो की म्हणायची, सरक बाजूला, मी काय नवी नवरी आहे? काम झाल्याचा पुरावा म्हणून आपल्या कार्यालयाने मला फोनवर जो फोटो पाठवला, त्यात स्वच्छ अंगण आहे आणि पायरीवर ताई उभी आहे. तिचा हात पुढे हवेत आहे.

४. मी दुसरा अर्ज केला. पथक परत आले, परत खांबापासून मोजले, आणि कपडे वाळत घालायचे खांबही काढून नेले. तोडलेली सगळी झुडपे मात्र आमच्या फाटकात रचून ठेवली, कारण राडारोडा उचलणारी गाडी वेगळ्या अर्जावर येते. तो तिसरा अर्ज मी त्याच दिवशी दिला. गाडी आली नाही. तिसऱ्या दिवशी ताई त्या ढिगात पडली आणि तिचे मनगट मोडले.

५. मग मी दारापासून फाटकापर्यंत दोरी बांधली. त्यावर पहिली नोटीस आली, विनापरवाना कुंपण सात दिवसांत काढावे. दुसरी नोटीस फाटकात राडारोडा साठवल्याबद्दल. तो आपल्याच पथकाचा आहे हे खिडकीवर सांगितले, तर तसा अर्ज करा म्हणाले. तक्रारच मागे घेतो म्हणालो, तर त्यासाठी आधी स्थळपाहणी लागते आणि स्थळपाहणीला हेच पथक कोयते घेऊन येते. मी हात टेकले आहेत.

६. मनगट महिन्यापूर्वीच जुळले, पण ताई दाराबाहेर पाऊल टाकत नाही. दिवसभर खाटेवर बसून असते. माझ्याशी नीट बोलते, रागावत नाही, त्याने मला जास्त अपराधी वाटते. कारखान्याने तिची जागा वीस तारखेपर्यंत राखून ठेवली आहे. त्यानंतर ती दुसऱ्या कुणाला देतील.

तरी हात जोडून मागणे एवढेच :

(अ) कामाच्या कागदावर खांबाऐवजी भूखंडाचा क्रमांक लिहावा.

(आ) फाटकातला ढीग वीस तारखेच्या आत उचलावा आणि तोवर दोरीला हात लावू नये.

(इ) पलीकडची झाडी काढणे जमत नसेल तर राहू द्यावी. सापांचे आम्ही बघू.

पथकाला पुन्हा आमच्या अंगणात पाठवू नये, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र व हवालदिल,
(सही)
अर्जदार
दिनांक : १४ जून

सोबत : नोटिसांच्या प्रती (२), फोटो (१), हाडाच्या डॉक्टरांचा दाखला (१).

ता. क. : अर्ज पाकिटात घालत असतानाच ताईने कारखान्याला फोन करून माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या, असे सांगितले. सबब मागणी (आ) मधील वीस तारखेची अट रद्द समजावी. बाकी अर्ज कायम आहे.