विनिफ्रेडच्या आगमनाची पूर्वतयारी

९ सप्टेंबर १९९१, सोमवार
फोंब्रेय या गावी आगमन. घर भक्कम आहे. छपराविषयी दलालाने दिलेल्या ग्वाहीत तथ्य असावे. अद्याप पाऊस पडलेला नाही.
हॅलिफॅक्सचे घर विकून फ्रान्समध्ये स्थायिक होण्याचा निर्णय सर्वस्वी माझा असल्यामुळे पूर्वतयारीही मीच करणार. तोवर विनिफ्रेड तिच्या बहिणीकडे, एडनाकडे, अडगळीच्या खोलीत राहील. निरोप देताना तिने तीन अटी घातल्या. नळाला पाणी हवे. खोलीत ऊब हवी. आणि जिच्या दारावर टकटक करून वाटीभर साखर मागता येईल अशी एक तरी शेजारीण हवी. ती म्हणाली, "मी परतीचे तिकीट काढूनच येणार आहे, सिरिल. आणि यातले एक जरी नसले ना, तर ते वापरणार आहे."
ती २६ ऑक्टोबरला येते. बस इन्स्पेक्टर या नात्याने मी अख्खा डेपो वठणीवर आणला होता. तीन अटींची काय कथा.

१० सप्टेंबर
संकल्प: फ्रेंच बोलेन तर बिनचूक बोलेन. तोपर्यंत एक अक्षरही नाही. माझे शिक्षण चौथ्या इयत्तेपर्यंत झाले, परंतु ती चौथी त्या काळची होती. शब्दकोश समोर ठेवून चिठ्ठ्या तयार केल्या. लेखी काम केव्हाही चांगले.
नगरपालिकेच्या कचेरीत गेलो. दुपारचे बारा वाजून गेले होते, म्हणून बंद. दोन वाजेपर्यंत संपूर्ण गाव जेवत असते. याविषयी कोणाकडे तरी तक्रार करावयास हवी. परंतु तक्रार घेणाराही जेवत असणार.
दोन वाजता पुन्हा गेलो. कारकून बाईने मान वर करून एक शब्द उच्चारला, "बाँजूर." नमस्कारादाखल हा शब्द येथे जो तो ज्याला त्याला म्हणत असतो. आमची ओळख करून देण्यात आलेली नसल्याने मी काही बोललो नाही. हॅलिफॅक्समध्ये अनोळखी बाईस हाक घालणारा मनुष्य बहुधा प्यालेला असतो. ती पुन्हा, अधिक मोठ्याने तोच शब्द म्हणाली. मी चिठ्ठी पुढे केली: 'प्लंबर पाठवावा. धुराडे साफ करणारा पाठवावा.' तिने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिले, आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला. तिने माझ्या हातावर हलकेच थोपटले.
हस्ताक्षराचा प्रभाव.

१४ सप्टेंबर
पाणी अद्याप नाही. चौकातील सार्वजनिक नळावरून बादल्या. पाठ.
इंग्लंडहून आणलेली शेगडी येथील गॅसच्या नळीला बसत नाही. इस्त्रीचा प्लग येथील भिंतीत शिरत नाही. कपाट जिन्यात अडकले आहे. कपाटाच्या बाबतीत दोष जिन्याचा आहे.
पावाची गाडी रोज भोंगा वाजवीत येते आणि गावकरी पिशव्या घेऊन धावत सुटतात. माझ्यासाठी मात्र पाववाली स्वतः खाली उतरते, खिडकीसमोर उभी राहून फडके हलविते, आणि मी बोट दाखविले की मान डोलावते. हा मान गावात दुसऱ्या कोणासही नाही. मी नीट लक्ष ठेवून पाहिले.

१९ सप्टेंबर, गुरुवार
सकाळी अंगणात कोणी इसम उभा राहून "बाँजूर! बाँजूर!" असे ओरडत होता. हातात पत्र्याची पेटी. बहुधा फेरीवाला. दाराला घंटा आहे, ती वाजवावी, नाव सांगावे, काम सांगावे, ही साधी रीत. मी पडद्याआड स्थिर बसून राहिलो. तो बराच वेळ ओरडला, मग डोके हलवीत निघून गेला.
प्लंबरचा पत्ता नाही. या देशात दिलेला शब्द पाळण्याची पद्धत नसावी.

२३ सप्टेंबर
आज पुन्हा एक ओरडणारा. याचे तोंड काजळीने काळे आणि खांद्यावर लांब ब्रश. असल्या अवताराच्या माणसास दार उघडणे शहाणपणाचे नव्हे.
धुराडे साफ करणाऱ्याचाही पत्ता नाही. खोलीतला लाकडांचा स्टोव्ह पेटवून पाहिला. सगळा धूर खोलीत. रात्री ओव्हरकोट घालून निजलो.

२९ सप्टेंबर, रविवार
आज माझा जाहीर सत्कार झाला. शेजारच्या घरात मादाम लेओंतीन नावाची एक विधवा राहते. दारावरच्या पाटीमुळे नाव समजले. ती आणि आणखी चारदोन वृद्ध बायका सकाळी ठेवणीतले कपडे घालून आल्या आणि मला हाताला धरून गावाबाहेरच्या एका झऱ्यावर घेऊन गेल्या. तेथे लेओंतीनने रुमाल पाण्यात बुडवून तो माझ्या कानांवरून फिरविला. प्रथम उजव्या, मग डाव्या. बाकीच्या पुटपुटत होत्या. पाणी बर्फासारखे होते, परंतु मी ताठ उभा राहिलो. शेवटी तो रुमाल झुडपावर बांधण्यात आला. त्या झुडपावर आधीपासूनच पुष्कळ चिंध्या होत्या. अर्थात माझ्यापूर्वीही काही मान्यवर येऊन गेलेले दिसतात. परत येताना सर्वजणी माझ्या तोंडाकडे आशेने पाहत होत्या. भाषणाची अपेक्षा असावी. मी किंचित झुकून अभिवादन केले. एकीने डोळे पुसले.
पंचवीस वर्षांच्या नोकरीचे पदक मिळाले त्या दिवशीही कोणाचे डोळे भरून आले नव्हते.

४ ऑक्टोबर
चर्चजवळच्या फोनवरून विनिफ्रेडशी बोललो. तिने विचारले, पाणी आले का? मी म्हटले, तजवीज अंतिम टप्प्यात आहे. ऊब? हवामान अजून सौम्य आहे. "आणि शेजार?" मी म्हटले, गावाने माझा सत्कार केला. ती म्हणाली, "सिरिल, तू कोणाशी बोललास का?" मी सांगितले की येथील लोकच माझ्याशी बोलतात, तेही फार मोठ्याने आणि हातवारे करून. अधिकारी माणसापुढे आवाज चढतोच. ती म्हणाली, "एडना विचारतेय, अडगळीच्या खोलीला नवा पडदा शिवू का?"
एडनाने आपल्या शिवणाकडे लक्ष द्यावे.

१२ ऑक्टोबर
छपराविषयी दलालाच्या बोलण्यात तथ्य नव्हते.

१८ ऑक्टोबर
पेटीवाला पुन्हा आला, ओरडला, आणि या वेळी खिडकीत येऊन दोन्ही हात कानाशी नेऊन काही खुणा करू लागला. वेडसर दिसतो. मी दिवा मालवला.
रात्री थंडी. एकट्याने चहा पिण्यात पूर्वीसारखी चव लागत नाही. पाण्याचा दोष.

२६ ऑक्टोबर, शनिवार
विनिफ्रेड आली. नळ सोडून पाहिला, नळ खोकला. स्टोव्हकडे पाहिले, माझ्या ओव्हरकोटाकडे पाहिले. टोपीही काढली नाही. "गुरुवारी बस आहे," म्हणाली. मग रिकामी वाटी घेऊन बाहेर पडली. मी खिडकीतून पाहत होतो. फाटकापाशीच तिने लेओंतीनला तो शब्द म्हटला. फक्त तोच शब्द. ओळख नाही, काही नाही. आणि ती बाई तिला मिठी मारून आत घेऊन गेली.
अंधार पडल्यावर परत आली. वाटीत साखर, बगलेत बदकाचे लोणचेवजा काहीतरी, आणि चेहरा असा की मी खुर्चीत नीट सावरून बसलो.

२८ ऑक्टोबर, सोमवार
पाणी आले. पेटीवाला हाच प्लंबर, नाव पेरिशू. धुराडेही साफ झाले. काजळीवाला कोण हे लिहिण्याची आवश्यकता नाही.
विनिफ्रेडने संध्याकाळी सर्व काही सांगितले. तिने तरुणपणी संध्याकाळच्या वर्गात फ्रेंच शिकून घेतले होते. गावाचा समज असा आहे की मी जन्माचा बहिरा आणि मुका आहे. येथे आधी बाँजूर म्हटल्यावाचून कोणी पावसुद्धा मागत नाही, आणि समोरून आलेल्या बाँजूरला उत्तर देत नाही असा मनुष्य एक तर उर्मट किंवा बहिरा. "आणि ती माणसं भली, म्हणून त्यांनी बहिरा ठरवलं," ती म्हणाली. तो झरा कानाच्या विकारांसाठी प्रसिद्ध आहे.
मी विचारले, तू त्यांचा गैरसमज दूर केलास की नाही? "कुठल्या तोंडाने करू? म्हातारी तुझ्यासाठी आठवडाभर प्रार्थना करत होती!"
पाणी, ऊब, शेजार, तिन्ही अटी पूर्ण झाल्याचे मी निदर्शनास आणले. त्यावर ती म्हणाली, "हो, तीन झाल्या. आता चौथी ऐक. सबंध गावाला फसवणाऱ्याची बायको म्हणून मी इथे राहायची नाही. एका माणसाला, तू आधी, आपण होऊन बाँजूर म्हणायचं. नाहीतर गुरुवारची बस."
आयत्या वेळी अटी वाढविणे नियमबाह्य आहे. तसे सांगितले. ती बॅग भरू लागली.

२९ ऑक्टोबर
स्टोव्हसमोर सराव. उच्चार निर्दोष. दुपारी पाववाली आली. तिने फडके हलविले. मी बोट दाखविले.

३० ऑक्टोबर
पेरिशू समोरून आला. मी तोंड उघडले. चौथीत मास्तरांनी मोठ्याने वाचावयास उभे केले होते, तेव्हा सबंध वर्ग हसला होता, ते अकारण आठवले. तोंड मिटले. त्याने माझ्या खांद्यावर थोपटले आणि आभाळाकडे हात केले.
अजून उद्याची सकाळ आहे.

३१ ऑक्टोबर, गुरुवार
बस पाववालीच्या गाडीशेजारीच उभी राहते. विनिफ्रेडची बॅग मीच उचलून नेली. ती जड होती, म्हणजे सर्व कपडे भरलेले होते. लेओंतीन निरोप द्यायला आली होती. चालकाने दार उघडले. विनिफ्रेडने एक पाय पायरीवर ठेवला आणि माझ्याकडे वळूनही पाहिले नाही.
मी म्हणालो. लेओंतीनकडे पाहून. आवाज अपेक्षेपेक्षा बराच मोठा निघाला आणि मध्येच फाटला. उच्चारही, विनिफ्रेडच्या मते, चुकला.
कोणी हसले नाही. लेओंतीनच्या हातातला पाव खाली पडला. तिने छातीवर क्रुसाची खूण केली आणि माझे दोन्ही कान धरून मला चुंबिले. पाववाली किंचाळली, बसचा चालक खाली उतरला, आणि पेरिशू धावत जाऊन चर्चची घंटा वाजवू लागला. विनिफ्रेडने पाय पायरीवरून खाली घेतला. बस गेली.
दुपारपर्यंत अंगणात गर्दी. मला प्रत्येकास तो शब्द म्हणून दाखवावा लागत आहे. पेरिशूने शेजारच्या गावाहूनही माणसे आणली आहेत. झऱ्याला फुले वाहण्यात आली. यात माझ्या सरावाचाही वाटा आहे, याची नोंद कोणीच घेतलेली नाही.
संध्याकाळी लेओंतीन साखर घेऊन आली आणि विनिफ्रेडच्या कानाशी काही बोलली. मी अर्थ विचारला. विनिफ्रेड म्हणाली, "ती म्हणते, आसपास झरे पुष्कळ आहेत. तुमच्या यजमानांना आणखी काय काय विकार आहेत ते सांगा, रविवारी सगळंच उरकून टाकू."
विनिफ्रेड तेव्हापासून विचार करीत बसली आहे.