वाचनचाचणीचा परीक्षक

मी, वसंत दामोदर केळकर, बी.कॉम., बुकित बातोक येथील रविवारच्या मराठी वर्गाचा व्यवस्थापक, उद्याच्या चाचणीचा नियम निकालापूर्वीच येथे नोंदवीत आहे.

चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट केले होते. एक गट जुन्या पुस्तकावर शिकला, दुसरा माझ्या पत्नीच्या, सुमतीच्या, नाट्यवाचनावर. अनोळखी उतारा न अडखळता वाचणाऱ्यांचे प्रमाण दोन्हींत मोजायचे. गृहीतक: पद्धतींत फरक नाही. तसे असूनही केवळ योगायोगाने सुमतीच्या गटाच्या बाजूने एवढे किंवा याहून अधिक अंतर पडण्याची शक्यता शेकडा पाचांहून कमी निघाली, तरच गृहीतक सोडायचे. एरवी समितीच्या ठरावाप्रमाणे सुमतीचा वर्ग बंद.

चहाच्या वेळी तिला हे वाचून दाखवले.

"आणि उतारे ऐकणार कोण?"

"मीच."

"मग माझी मुलं नापासच! अहो, बायकोची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये, म्हणून तुम्ही त्यांचा श्वाससुद्धा चूक धराल."

मी चिडलो. पक्षपात, आणि माझ्याकडून? परंतु गेल्या रविवारी सरावात तिच्या गटातील रिया खोकली, आणि मी 'अडखळली' असे लिहिले. दुसऱ्या गटातील मूल खोकले असते तर? श्वाससुद्धा चूक... उलट्या दिशेचा पक्षपात हाही पक्षपातच.

म्हणून दुरुस्ती: उतारे वरच्या मजल्यावरील जोशीबाई त्यांच्या फ्लॅटमध्ये ऐकतील. कोणते मूल कोणत्या गटातले, हे त्यांना कळू द्यायचे नाही. मी खाली व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर, बसेन. त्यांनी दिलेले आकडे, वर्ग राहो वा जावो, मी जसेच्या तसे समितीपुढे ठेवीन.

व. दा. केळकर
सिंगापूर, शनिवार, १४ मार्च २०१५