स्क्रीन दोनच्या पायऱ्या

२ नोव्हेंबर, रविवार

दुपारी ट्यूबलाइटवरून पुन्हा वाजलं. दिवाळीत घेतलेला नवा टीव्ही, जवळजवळ भिंतभर. नीलिमाने पडदे ओढले, दिवा घालवला आणि शेंगदाण्यांची वाटी घेऊन बसली. मी उठून दिवा लावला. तिने घालवला. मी परत लावला.

"अहो, सिनेमा बघतोय आपण. लग्नाचा हॉल नाही हा."

म्हटलं, अंधारात डोळे चुरचुरतात, बाहेर धूर बघ किती. धुराचं एक बरं असतं, नोव्हेंबरात दिल्लीत काहीही त्याच्यावर ढकलता येतं. ती चिडून आत गेली. मी एकट्याने सिनेमा संपवला. भिकार होता.

इथे तरी खरं लिहावं. काचबिंदू आहे. जुलैपासून माहीत आहे. समोरचं स्वच्छ दिसतं, फाइल वाचतो, सही करतो. कडा गेल्या आहेत, आणि अंधार असला की जमीनच जाते. डॉक्टर म्हणाले, "जो गया सो गया, जो बचा है उसे बचाइए।" थेंबांची बाटली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. पोचल्यावर एक थेंब, निघताना एक. सुटीच्या दिवशी चष्म्याच्या डबीत.

नी.ला सांगितलेलं नाही. तिचे बाबा याच रोगाने साठीत पूर्ण आंधळे झाले. बारावीपासून लग्नापर्यंत तिने त्यांना हाताला धरून फिरवलं, नागपुरात, बाथरूमपासून बँकेपर्यंत. लग्न होऊन दिल्लीला आली त्या आठवड्यात मला म्हणाली होती, आता माझे दोन्ही हात मोकळे.

कसं सांगू?

५ नोव्हें., बुध

मराठी मंडळाची यादी: ३८. सोळा तारखेच्या रविवारी सकाळी दहाचा शो. नोएडाच्या मल्टिप्लेक्सचे मॅनेजर त्यागीजी साठ नावं आल्याशिवाय मराठी सिनेमा लावत नाहीत. सचिव म्हणून नावं जमवायची मी, गळे काढायचे मी, दाराशी उभं राहून सगळ्यांना जागेवर बसवायचंही मीच. सात वर्षं चाललंय.

ग्रुपवर तेच सुरू. "दोन महिन्यांत घरीच येईल की." "घरी पॉज करता येतं." "पार्किंग नको, यार." मी मोठं भाषण टाकलं. आपण नाही गेलो तर दिल्लीत मराठी सिनेमा लागणारच नाही, घरी बघणं म्हणजे बघणं नव्हे, वगैरे. चौदा अंगठे आले. खरं तर माझ्याइतकं घरी बसावंसं कुणालाच वाटत नाहीये आणि माझ्याइतका घरी बसण्यात फायदाही कुणाचा नाही.

८ नोव्हें., शनि

नी.ला सांगितलं ऑफिसात काम आहे. गेलो नोएडाला. दुपारच्या शोचं तिकीट काढून स्क्रीन दोनमध्ये. मराठी शो नेहमी तिथेच असतो. आपटाआपटीचा कुठलासा हिंदी सिनेमा, हॉल अर्धा रिकामा. मध्येच तीनदा बाहेर जाऊन आत आलो. दाराच्या पडद्यापासून सरळ अकरा पावलं, डावीकडे वळायचं, आठ पायऱ्या वर, मग सपाट, मग परत सहा. सत्तावन्नाव्या वर्षी पाढे पाठ करतोय. शेजारचा माणूस वैतागला. "अंकल, तबीयत ठीक है?" म्हटलं, बिल्कुल.

घरी आलो तर नी. म्हणाली, शनिवारी पण राबवतात तुम्हाला. लाज वाटली. जेवण मात्र व्यवस्थित गेलं.

१५ नोव्हें., शनि

यादी ६३. त्यागीजींचा फोन, "सर, हो जाएगा।" ग्रुपवर नियम टाकले. वेळेवर या. आत बोलू नका. मोबाइलचा टॉर्च लावू नका. शेवटचा ठळक अक्षरांत. तो नियम माझाच, सात वर्षांपूर्वीचा. आता बदलला तर विचारतील, का?

१६ नोव्हें., रवि

ऐन वेळी स्क्रीन तीन दिली. दोनमध्ये एसी बंद होता म्हणे.

लेले काकू उशिरा आल्या. गाझियाबादहून, मुलगा प्रसाद गाडी लावायला गेलेला. सिनेमा सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. बाहेर लख्ख ऊन. मी म्हटलं, चला काकू, मी आहे ना. हात धरला. पडदा, अकरा पावलं, डावीकडे. सात, आठ. सपाट समजून पाय टाकला. सपाट नव्हतं. नववी पायरी होती. मी अडखळलो, हाताला झटका बसला आणि काकू मागे गेल्या. दोन पायऱ्या.

किंचाळल्या नाहीत. "अगं आई" एवढंच, हळू, सिनेमात बोलायचं नाही म्हणून.

खुब्याचं हाड.

१८ नोव्हें., मंगळ

ऑपरेशन झालं. ठीक आहेत. वय एकोणऐंशी, त्यामुळे ठीक म्हणजे किती ठीक ते कुणी सांगत नाही. नी. काल दिवसभर दवाखान्यात होती. घरी आल्यावर माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, तुम्ही होतात म्हणून निदान डोकं वाचलं त्यांचं.

मी जेवलो नाही.

२० नोव्हें., गुरू

प्रसादचा ग्रुपवर लांबलचक मेसेज. पायऱ्यांवर दिवेच नव्हते, हा निष्काळजीपणा आहे, तक्रार झालीच पाहिजे. खाली ओळीने: हो, मलाही काही दिसलं नाही. अगदी काळोख होता. मी पण ठेचकाळले. एकाहून एक आठवणी. यातले पन्नास जण हॉलचे दिवे लागलेले असताना येऊन बसले होते, मी स्वतः बसवलंय त्यांना.

मग: सुधीरजी सचिव आहेत, सोबत होते, पत्र त्यांनीच लिहावं.

लिहिलं. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. तीस वर्षं ड्राफ्ट लिहितोय, हात बसलाय. 'पायऱ्यांवर पुरेसा प्रकाश जाणवला नाही.' कुणाला जाणवला नाही ते लिहायची सरकारात पद्धत नाही. वाक्य खोटं नाही. कुठेही दाखवा, खोटं ठरणार नाही. ग्रुपवर टाकलं, सगळ्यांना पसंत. प्रसादने मल्टिप्लेक्सच्या हेड ऑफिसला पाठवूनही दिलं.

२१ नोव्हें., शुक्र

त्यागीजींचा फोन. त्यांच्याकडे लेखी जबाब मागितलाय.

"सर, आप तो साथ में थे। स्टेप लाइट जल रही थी ना?"

म्हटलं, "देखिए त्यागीजी, अंधेरा था।"

 मग म्हणाले, "जी सर। माताजी कैसी हैं?"

हा माणूस सात वर्षं आमच्यासाठी रविवारची सकाळ अडवून ठेवतो. वरच्यांशी भांडून. एक अक्षर मराठी येत नाही. फोन ठेवला आणि ड्रॉवरमधली बाटली काढली. थेंब डोळ्यात न जाता गालावर.

२३ नोव्हें., रवि

मंडळाची बैठक, आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये. ठरलं: आता सिनेमाला जायचं नाही. इथेच प्रोजेक्टर लावू, महिन्यातून एकदा, दिवे अर्धे चालू ठेवून, मध्ये चहा. सगळे खूश. मल्टिप्लेक्सवाल्यांनीही मराठी शो बंद केल्याचं कळवलंय. म्हणजे मला हवं होतं ते सगळं मिळालं. न मागता. कुणी विचारलंसुद्धा नाही.

फक्त नी. खुर्च्या आवरायला लागली. घरी येऊन म्हणाली, "तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"मला? का?"

"तुम्हाला घरीच आवडतं आता. बघतेय मी." मग भांडी लावत, माझ्याकडे पाठ करून, "घरच्या सिनेमात मी सात वेळा उठते. बेल, कुकर, तुमचा चहा, पोरीचा फोन. थिएटरात अडीच तास कुणी मला हाक मारत नाही. कुणाला माझं काही लागत नाही. मला सिनेमा कुठला हवा असतो, ते अडीच तास हवे असतात."

बायकोबरोबर तीस वर्षं संसार केला आणि हे आज कळलं.

माझं तिला काय काय लागणार आहे, त्याची यादी डोक्यात आपोआप तयार व्हायला लागली. जिना. रस्ता. भाजीत केस आहे का ते. उठून गच्चीवर गेलो. तिथेही चार वाजताच धुरकट झालं होतं, तेव्हा कठडा धरून उभा राहिलो.

२६ नोव्हें., बुध

ऑफिसातून परस्पर डोळ्यांच्या डॉक्टरकडे. परत ती नजरेच्या कडा तपासायची पेटी, ते लुकलुकणारे ठिपके, दिसला की बटण दाबा. बराच वेळ दिसलंच नाही काही, तरी दाबत राहिलो. डॉक्टर कागद बघून म्हणाले, "आप अंदाज़े से दबा रहे हैं।" शाळेत कॉपी करताना धरल्यासारखं झालं. तपासणी पुन्हा करायला लावली. जुलैपेक्षा थोडं कमी. थोडं म्हणजे किती विचारलं नाही. घरी कुणाला माहीत आहे का, त्यांनी विचारलं. हो म्हटलं.

त्यागीजींची बदली मेरठला. प्रसादने ग्रुपवर टाकलं, खाली टाळ्या. नी.ने टाळ्या वाजवल्या नाहीत. मीही नाही, पण माझ्या न वाजवण्याला काय किंमत?

२९ नोव्हें., शनि

गाझियाबादला गेलो, काकूंकडे. प्रसाद औषधं आणायला खाली गेला होता. पाचच मिनिटं होती. खुर्ची ओढली आणि सांगून टाकलं. दिवे सुरू असणार काकू, मला दिसत नाहीत. मला अंधारात दिसतच नाही. मी तुमचा हात धरायलाच नको होता.

काकू छताकडे बघत होत्या. म्हणाल्या, "दिवा होता की. पिवळा, बारीक, कडेकडेने. माझ्या चपलेचा अंगठासुद्धा दिसत होता मला."

"मग प्रसादला बोलला नाहीत?"

"तू पायऱ्या मोजत होतास, तोंडातल्या तोंडात. मला आधी वाटलं जप करतोयस." हसल्या, दुखलं, थांबल्या. "प्रसादला कुणावर तरी रागवायचंच होतं रे. तुझ्यावर रागावला असता तर तू मंडळ सोडलं असतंस, मग कसले शो नि कसलं काय. म्हटलं रागवू दे थिएटरवाल्यावर."

"शो बंदच झालेत, काकू. आणि त्यागीजींना मेरठला टाकलं."

हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. चेहरा उतरला एकदम.  मग म्हणाल्या, "म्हणजे आपण दोघांनी मिळून त्याला घालवलं."

दोघांनी म्हणाल्या. मी नाही म्हटलं, चूक माझी एकट्याची आहे. तर ओरडल्याच, "मला नको शिकवू. नीलिमाला सांगितलंस?"

तेवढ्यात प्रसाद आला. सरबत घेऊन आला माझ्यासाठी. मी प्यायलो.

३० नोव्हें., रवि

आज सांगायचं ठरवलं होतं. सकाळी ती केस धुवत होती. दुपारी तिची मैत्रीण आली. चारला दोघीच खाली फिरायला गेल्या. सहाला म्हणाली, "काही बोलायचंय का? सकाळपासून मागे मागे फिरताय." म्हटलं, नाही, उद्या डब्याला काय?

भेकड आहे मी. दुसरा शब्द नाही.

१ डिसें., सोम

सकाळी अकराला, ऑफिसातून, पाठवलं. मल्टिप्लेक्सच्या हेड ऑफिसला आणि तेच जसंच्या तसं ग्रुपवर. या वेळी ड्राफ्ट केला नाही, सरळ लिहिलं. 'पायऱ्यांवरचे दिवे सुरू होते. ते मला दिसले नाहीत, कारण मला काचबिंदू आहे. लेले काकूंचा हात माझ्या हातात होता आणि त्या माझ्यामुळे पडल्या. श्री. त्यागी यांची काही चूक नाही. आधीचं पत्र मी मागे घेतो.' खाली नाव, हुद्दा, सही.

पाठवलं आणि चांगलं वाटलं. छाती मोकळी. खालच्या टपरीवर चहा प्यायलो, समोसा खाल्ला. परत वर आलो, लिफ्टमध्ये एकदम लक्षात आलं. ग्रुपवर नी. आहे.

म्हणजे लक्षात होतंच. नव्हतं असं कसं म्हणू? बायकोला मी परिपत्रक काढून कळवलं. बासष्ट जणांबरोबर. तिच्या बाबांचा रोग.

फोन केला, उचलला नाही. शाळेच्या लायब्ररीत असते, तासाला फोन घेत नाही, हेही खरं. ग्रुप उघडला. एक जण "गेट वेल सून" म्हणून गेला. प्रसादने ग्रुप सोडला. त्यागीजींना वेगळा मेसेज केला होता, त्यांचं उत्तर: "धन्यवाद सर। आँखों का ध्यान रखिए।" ते वाचून ऑफिसात रडू आलं. बाथरूममध्ये गेलो.

अर्धी रजा टाकून, ड्रॉवरमधली बाटली खिशात घालून तीनला घरी आलो. घर रिकामं. ३.४० ला नी.चा मेसेज. ग्रुपवर नाही, मला.

"थेंब कोण घालतं?"

एवढंच. केव्हापासून नाही, का लपवलं नाही. तिला सवय आहे, तिला कुठून सुरुवात करायची ते माहीत आहे. हेच नको होतं मला. पाच महिने मी हेच टाळत होतो.

लिहिलं: मीच घालतो, येतं मला. लगेच टिक निळी झाली, वाचलं तिने. 

आता साडेचार. मेट्रोत असेल. दार उघडून ठेवलंय. ती यायच्या आधी एकदा आरशासमोर घालून बघितला थेंब, हात न हलवता. पहिला गालावर गेला. दुसरा पापणीवर. लिफ्ट आली बहुतेक. तिसरा घालतोय.