आईच्या पोटातली भूक

११ नोव्हेंबर
साखर वाढलेली निघाली. सहावा महिना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोड बंद. केडगावला घरी पोचले तर सासूबाईंचा निकाल तयार: "आमच्यात कुनालाच न्हाई शुगर. माहेरचं रक्त हाय." बारावीला जीवशास्त्र शिकवते मी, आणि घरी हे ऐकायचं!

१२ नोव्हें.
पाथर्डीला आईला फोन. मी पोटात असताना काय खायचीस? "उसाच्या फडावर काय असतंय? भाकर न मिरची. ते बी एकदाच." दिवस भरेपर्यंत ऊस तोडत होती. मग हळूच, "माझ्यामुळं झालं का गं?" तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्यावर नाही.

१४ नोव्हें.
पुस्तकात नाही ते वर्गात सांगून टाकलं. जनुकं तीच राहतात, पण आईची उपासमार झाली तर पोटातल्या बाळाची कुठली जागी राहतील, कुठली झोपतील, ते बदलू शकतं. शरीर काटकसर शिकतं, पुढे पोटभर मिळालं की साखर झेपत नाही. माझं तसंच झालं का? छातीठोक कोण सांगणार. पण आईला दोष? मुळीच नाही.

२ डिसें.
डोहाळजेवणाला सासूबाईंनी जिलबी सांगितलीय. नको म्हटलं तर सा.बा.: "डोहाळे मारले तर लेकराचा कान फुटतो." म्हटलं, म्हणजे आईनं खाल्लेलं-न खाल्लेलं लेकरापर्यंत पोचतं ना? मग माझ्या आईचे उपास कुठं गेले? त्यांनी भांडी जोरात आपटली.

७ डिसें.
पाट मांडला, बायका जमल्या, पाथर्डीहून आईही आली. "बोल, डोहाळे कसले?" म्हटलं, आईला पाटावर बसवायचे. तिचं डोहाळजेवण झालंच नव्हतं. "येडी का गं तू," म्हणत ती मागं सरली. हात धरून बसवली. जिलबी तिनंच खाल्ली, पुन्हा मागून घेतली. मला रडू आलं. सा.बा. तिची ओटी भरायला उठल्या नाहीत, मग मीच भरली.

१५ डिसें.
साखर उतरली नाही. इन्सुलिन सुरू. नवरा विचारतो, बाळालाही होईल का ही शुगर? माहीत नाही. बाहेर सा.बा. शेजारणीला सांगत होत्या, "माहेरचं रक्त..." गेले तशीच बाहेर. "रक्ताचं नाही, भुकेचं. म्हणा तसं." शेजारीण उठायला लागली, तिलाही बसवलं.
सा.बा. अजून म्हणाल्या नाहीत. सकाळी चहाला पुन्हा विचारणार.