उत्तर न आल्यास

ती. विजयमाला वन्सं यांस नयनाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? तुमचं छाणी काही परदेश नाही, पण पत्रात बोलणं कोणी मध्येच तोडत नाही, म्हणून लिहिते.

एकदा सकाळी दूध तापवून मी कणीक मळत होते आणि तुमचे भाऊ पिशवी घेऊन बाजाराला निघाले होते. मी म्हटलं, मेथी मिळाली तर आणा, नाही मिळाली तर दुधी आणा. ते म्हणाले, "तू चांगला प्रोग्राम लिहिशील." (एवढीच स्तुती, तीही चपला घालता घालता.)

ते गेल्याला दोन वर्षं झाली. मंडळाच्या वाचनालयाचं त्यांचं अर्धवट राहिलेलं वेबपेज मी त्यांच्याच पुस्तकांवरून शिकून पुरं केलं. (वाचनालयाची कपाटं आमच्याच पुढच्या खोलीत, नाही म्हणायची सोय नव्हती.) सभासदाने घरी बसून फोनवर पुस्तकाचं नाव टाकायचं, पुस्तक जागेवर आहे का ते कळतं. पेज स्वतः सर्व्हरकडे जात नाही. मध्ये प्रॉक्सी क्लास नावाचा निरोप्या असतो. त्याला पाठवतानाच दोन कॉलबॅक देऊन ठेवायचे: उत्तर आलं तर काय करायचं आणि नाही आलं तर काय. मी पहिलाच लिहिला. म्हणजे मेथीचं सांगितलं आणि दुधीचं विसरले.

त्यामुळे सर्व्हर बंद पडला की पेज नुसतं "शोधत आहे" म्हणत बसे. पहिल्याच रविवारी प्रतापनगरहून श्रीपतराव फोन घेऊन हजर. "वहिनी, कालपासून शोधतंय हो. दमलं असेल बिचारं." मागोमाग फतेगंजची वैष्णवी. "काकू, माझं पण तेच." "तुझं तरुण आहे, धावेल अजून," श्रीपतराव म्हणाले. मग चहा झाला, पोहे झाले, एका कादंबरीवरून भांडण झालं आणि मंडळी एक वाजता उठली. असे तीन रविवार गेले. शेवटच्या रविवारी सातजण होते, खुर्च्या शेजारून आणल्या.

आपली,
नयना

ता. क. चूक मला पहिल्याच सोमवारी सापडली होती. सात ओळींचं काम. लिहिल्या नाहीत. पेज नीट चाललं की पुस्तक असेल तर लोक दोन मिनिटं येतील, नसेल तर तेवढंही नाही. हे कोणाला सांगू नका. तुम्ही रविवारी याल का? रिक्षा अगदी दाराशी येते.

आणखी एक. पत्र काल लिहिलं, पाकीट बंद करायचं राहिलं होतं. आज सकाळी त्या सात ओळी लिहून टाकल्या. आता उत्तर आलं नाही तर पेजवर येतं: "सध्या कळत नाही. रविवारी घरी येऊन पाहावे."