दिसते म्हणायचं

२ एप्रिल २०२५, बुधवार
पार्सल आलं. पानावर ठेवायचं घुमटासारखं भिंग, एक — ११५० रु. जाड रेघांच्या वह्या, चार — २४०. काळे जाड स्केचपेन, सहा — ९०. एकूण १४८०.

भिंग लगेच पुस्तकावर ठेवून दिलं. दीक्षानं नाक टेकवलं. "आई, 'क'ले शेपूट आहे वं!" सहा वर्षांची झाली, आज पहिल्यांदा 'क' पुरता पाहिला.

रामदासपेठेचे डॉक्टर म्हणाले — चष्म्यानं होणार नाही, डोळ्याचा पडदाच कमजोर आहे. पण साध्या शाळेतच घाला. पहिल्या बाकावर बसवा. कायद्यानं शाळेला नाही म्हणता येत नाही.

९ एप्रिल
तिसरी शाळा. नाही म्हणता येत नाही, तरी म्हणतात. गोड बोलून. "ताई, आमच्याकडे जिने आहेत. बाकीचे पालक बोलतात. अंधशाळेत चांगली सोय असते."

माझी मुलगी आंधळी नाही.

हुडकेश्वरच्या बसमध्ये तिनं विचारलं, "त्या बाई माझ्यासंग काहून नाही बोलल्या?" मी खिडकीबाहेर पाहत बसले.

१६ एप्रिल
चौथ्या शाळेचा फॉर्म. 'अपंगत्व असल्यास' असा रकाना. ह्यांनी सगळं भरलं आणि तिथं येऊन थांबले. पेन माझ्या हातात दिला. "तूच लिही. मॅट्रिक तू आहेस. मी तर कूलर दुरुस्त करणारा माणूस." हसले, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

मी 'नाही' लिहिलं. अक्षर रोजच्यासारखंच आलं.

संध्याकाळी बुद्धवंदनेत पंचशीलातल्या चौथ्या शीलाला — खोटं बोलणार नाही — माझा आवाजच निघाला नाही. दीक्षा एकटी म्हणत राहिली.

२१ एप्रिल
मुलाखत झाली. मुलाखतीत वाचायचं पुस्तक पाच दिवस तोंडपाठ करून घेतलं. कोणत्या पानावर कोणतं चित्र, तेही. ऐकलेलं तिच्या डोक्यात राहतं, वंदना तशीच पाठ झाली. आणि शिकवून ठेवलं — कोणी विचारलं, दिसते का, तर दिसते म्हणायचं. नाही तर शाळेत घेणार नाहीत.

सासूबाई म्हणाल्या, "पोरीले खोटं शिकवून राहिली तू."
"मग तुम्ही चला शाळेत. तुम्ही सांगा खरं."
तिच्या वेण्या मग त्यांनीच घातल्या.

मोठ्या बाई म्हणाल्या, "आठवं पान वाच, बाळा." तिनं घडाघडा म्हटलं, बोट ओळीवरून फिरवत. बोट एक ओळ मागं होतं. बाईंनी पाहिलं नाही. प्रवेश झाला.

३० जून
शाळा सुरू. भिंग कपाटात, चादरीखाली. ती उंच म्हणून तिला शेवटचा बाक दिला. पुढं बसवा म्हणावं तर फॉर्म उघडा पडतो.

४ जुलै
गुडघा फोडून आली. पायरी दिसली नाही का? — "दिसली."

८ जुलै
रोज विचारते. फळा दिसते का? — दिसते. बाईंचं अक्षर? — दिसते. आज ती झोपल्यावर वही पाहिली. पानंच्या पानं गोल आणि रेघा. लांबून अक्षरासारखं वाटतं. अक्षर एकही नाही.

ह्यांना दाखवली नाही.

१२ जुलै, शनिवार
डॉक्टरांकडे तपासणी. अक्षरांचा तक्ता लावला. दिसते? — दिसते. कोणतं अक्षर? — गप्प. डॉक्टरांनी बोटं दाखवली. किती? — "दिसते."

तिला बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, "हिला काय शिकवून ठेवलं तुम्ही? पडदा मी मशीनवर पाहतो. पण हिला किती दिसतं ते हिनंच सांगायला पाहिजे. कमी होत असेल तर मला कळणार कसं?"

घरी येऊन मी एक वाईट काम केलं. तिच्यापुढं रिकामं ताट ठेवलं. "वरणभात दिसते का, दीक्षा?"

"दिसते."

आणि बोटांनी ताटभर चाचपत राहिली.

मी तिचा हात धरला. म्हटलं, नाही दिसत म्हण. आईला खरं सांग. एकदा म्हण. तिनं मान हलवली. फार वेळ मागं लागले तेव्हा हळूच बोलली, "मंग शाळेतून काढतीन ना वं."

सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी येऊन ताटात वरणभात वाढला. रागे भरल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता तिला किती दिसतं, ते मलाही ठाऊक नाही.

१४ जुलै, सोमवार
समोर उभं राहून बोलणं जमणार नाही म्हणून शाळेला रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवलं. नक्कल ठेवते —

मोठ्या बाईंना, जय भीम. फॉर्मवर अपंगत्व 'नाही' लिहिलं, ते खोटं आहे. अक्षर माझं आहे, तिच्या वडिलांचं नाही. दीक्षाला दूरचं दिसत नाही, जवळचं भिंगानं दिसतं. डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स जोडली आहे. येत्या गुरुवारपासून ती भिंग घेऊन येईल. पहिल्या बाकावर जागा द्यावी. ठेवणार नसाल तर वर्गात तिला काही सांगू नका. मला उलट टपाली कळवा.